पाय टेकतात का?

माझी पाठ दुखते हे मी घरात बोलायलाच नको होतं. आमच्या फोंड्याच्या घरात दुखणं सांगितलं की औषध मागाहून येतं, आधी सभा भरते.

सभेचे कायमचे अध्यक्ष म्हणजे मामा. कदंबात, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमध्ये, कंडक्टर होता. तीस वर्षं त्याने उभ्याने तिकिटं फाडली, त्यामुळे बसून बसून माणसाची पाठ दुखते हे त्याला मुळातच पटत नाही. मी पुण्याच्या कंपनीचे हिशेब घरबसल्या बघतो, म्हणजे मामाच्या मते काहीच करत नाही. "पाठ दुखते तर इस्पितळात जा," तो म्हणाला, "सरकारने कशाला बांधून ठेवलीत?"

झालं. सरकारी की खासगी हा वाद आमच्याकडे चतुर्थीला गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या माटोळीसारखा आहे, दर वर्षी नव्याने बांधायचा आणि सामान तेच. मामा १८४२ पासून सुरुवात करतो. पोर्तुगीजांनी तेव्हा पणजीत वैद्यकीय शाळा काढली, तिचंच पुढे गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि आज ते बांबोळीला आहे, हे तो अशा थाटात सांगतो की शाळेच्या पायाभरणीला तोच तिकिटं फाडत होता. मग दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड खिशातून निघतं. गोवा सरकारची २०१६ ची आरोग्यविमा योजना. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. मी म्हटलं, "मामा, ते दाखल झालेल्यांसाठी. मला दाखल नाही व्हायचं, बसायचंय."

"फुकट मेळटा म्हूण तुका किंमत ना," मामा म्हणाला. आणि लगेच स्वतःच दुरुस्ती केली, "फुकट न्हय रे, आमचेच पयशे ते!"

या 'आमचेच' शब्दावर मामी स्वयंपाकघरातून बाहेर येते. मामीचं माहेर सावंतवाडी. तिकडच्या लोकांना मोठं दुखणं आलं की गाडी आपसूक बांबोळीकडे वळते. जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं, तेव्हा मामा जेवता जेवता बोलून गेला, "बरोबरच आहे, आमच्या करातून चालतं ते." मामीने काही न बोलता त्याच्या पुढची सोलकढीची वाटी उचलली. आत जाता जाता म्हणाली, "कोकमां माझ्या म्हायारची." तेव्हापासून मामा या मुद्द्यावर आवाज खाली आणून बोलतो.

तिसरा पक्ष स्विंडनचा. माझा मावसभाऊ आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला. तिथे गोंयकार इतके आहेत की त्याला म्हणे बांगडेसुद्धा मिळतात. रविवारी व्हिडिओ कॉलवर तो सभेला हजर असतो. एके काळी तो एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, गोडवे गायचा. ५ जुलै १९४८, आरोग्यमंत्री बेव्हन, खिशाला हात न लावता उपचार, सगळं तोंडपाठ. आता त्याचीही पाठ धरलीय आणि तो फिजिओथेरपीच्या रांगेत आहे. तिथे तज्ज्ञाकडे पाठवल्यावर अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं उद्दिष्ट आहे. "आता कितवा आठवडा?" मी विचारलं. त्याने फोन उलटा धरून पंखा दाखवला.

मी स्वतः खासगीवाला. मेडिक्लेमचा हप्ता वेळेवर भरणारा. त्या रात्री पहिल्यांदाच पॉलिसी पूर्ण वाचली. बाहेरच्या बाहेर दाखवलेल्या डॉक्टरची फी मिळत नाही. मणक्याच्या विकारांना चोवीस महिने थांबा. माझे चौदा झाले होते. पाठीवर हात फिरवून मी तिला म्हटलं, बाई, अजून दहा महिने कळ काढ.

मग ठरवलं की सरकार नको, विमा नको, आपण आपली चांगली खुर्ची घ्यायची.

खुर्ची घेणं इतकं कठीण असेल असं वाटलं नव्हतं. आमच्या जुन्या घरात बसायचे प्रकार दोनच. बाहेर सोपो, दगडी, त्याला कसली उंची-खोली विचारायची नसते, तो तुमच्या आधीपासून तिथे असतो. आणि आत आजोबांची लांब हातांची वेताची आरामखुर्ची, जिच्यात एकदा गेलेला माणूस चहाची हाक आल्याशिवाय वर येत नसे. पणजीतल्या दुकानात मात्र बावीस खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीला मोटारीसारखे गुण. गॅस लिफ्ट क्लास फोर. सिंक्रो टिल्ट. आर्मरेस्ट फोर-डी. मी विचारलं, चौथी डी कुठली? विक्रेत्याने हात पुढे-मागे, वर-खाली, आत-बाहेर केला आणि शेवटी किल्ली फिरवल्यासारखा वळवला. लंबर सपोर्ट, म्हणजे कमरेचा आधार, हा शब्द तो देवाचं नाव घ्यावं तसा घेत होता. लेदरची मला बायकोने आधीच बंदी केली होती. रेक्झिनवर जुलैत बुरशी येते आणि दोन पावसाळ्यांत त्याचे पोपडे शर्टाला चिकटतात, हे आमच्या एका सोफ्याने शिकवून ठेवलंय. जाळीची घेतली. साडेअठरा हजार. दुकानात बसलो तेव्हा वाटलं, पाठीला आईच भेटली.

घरी आल्यावर आई सावत्र निघाली. मी पाच फूट दोन इंच. खुर्ची सगळ्यात खाली आणली तरी माझ्या टाचा जमिनीपासून वर, चवड्यांवर तोल. जरा सरकून पुढे बसलो तर लंबर सपोर्ट मागे एकटाच. त्यात वडिलांच्या फणसाच्या टेबलाला खाली खण आहे. फोर-डी हात त्याला आपटायचे. म्हणून मी टेबलापासून वीतभर लांब, मान पुढे काढलेली, बगळा पाण्याकडे बघतो तसा. महिन्याभरात कंबरेचं दुखणं मानेपर्यंत चढलं. मामा रोज खोलीत डोकावून विचारायचा, "साडेअठरा?"

शेवटी गेलो एकदाचा सरकारी इस्पितळात. कुठल्या ते सांगत नाही, मामाला आणखी भाषण मिळेल. सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत, साडेसातला हाडांच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर. तिथे चार तास. लाकडी बाक, पाठीमागे नुसती भिंत. माझ्या एका बाजूला गुडघ्याची आजी, दुसऱ्या बाजूला माडावरून पडलेला रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, हात गळ्यात बांधलेला. आजी मधूनमधून दोघांनाही चण्याची पुडी पुढे करायची. तिसऱ्या तासाला लक्षात आलं की माझी पाठ दुखत नाहीये. आजीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हूणच डॉक्टर इतलो वेळ बसयता."

आत डॉक्टर तरुण होती. तिच्या खुर्चीची पाठ निखळलेली आणि गॉझ बँडेजने बांधलेली, गाठ व्यवस्थित, हाडांच्या विभागाला शोभेल अशी. तिने मला वाकवलं, पाय उचलून बघितले, विचारलं, "काम काय?" मी मोबाइलवर खुर्चीचा फोटो दाखवला. तिने फोटो मोठा केला. मला वाटलं आता कौतुक करणार.

"पाय टेकतात का?"

"नाही."

"मग पाट घ्या पायाखाली. गुडघे काटकोनात, गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा. आर्मरेस्ट टेबलाला लागत असतील तर काढून ठेवा. अर्ध्या तासाने उठायचं."

"आणि एमआरआय?"

"कशाला?" ती म्हणाली आणि पुढच्याला हाक मारली. दोन मिनिटं झाली असतील. शेजारच्या खोलीत फिजिओने व्यायामांची झेरॉक्स दिली. झेरॉक्सची झेरॉक्स, इतकी की चित्रातल्या माणसाला तोंड उरलेलं नव्हतं, पण कंबर स्पष्ट होती.

घरात पाटावरून निराळंच महाभारत. जेवणाच्या पाटावर पाय ठेवू देणार नाही असं बायकोने बजावलं, म्हणून सुताराकडून आठ इंची फळकूट आणलं, पन्नास रुपये. आर्मरेस्ट पाना घेऊन काढले. फोर-डी आता कपाटावर आहेत. पंधरा दिवसांत फरक पडला.

रविवारी सभा. मामा म्हणाला, "बघ! सरकारी!" मी म्हटलं, "चार तास, मामा." मामा म्हणाला, "साडेअठरा हजार." मी गप्प. स्विंडन तेवढ्यात कळवळून म्हणालं, "ती झेरॉक्स आहे का रे तुझ्याकडे? फोटो पाठव ना."

पाठवला. त्याने तिथल्या तिथे गालिच्यावर पडून पहिला व्यायाम सुरू केला. कॅमेऱ्यात आम्हाला नुसते त्याचे गुडघे दिसत होते, छातीशी येऊन परत जाणारे. मामी तांदूळ निवडता निवडता थोडा वेळ ते बघत राहिली.

"इंग्लंडचो ना तो आता?" तिने मला विचारलं. "मगे तेका भायलो म्हणान फी किती लावलंस?"