आठवारी

किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा, भाड्याने देणाऱ्या दुकानाने काल माझ्या अनामत रकमेतले चाळीस पौंड कापले. तेव्हापासून डोकं फिरलंय.

मित्र स्कॉटिश, त्याचं लग्न शनिवारी यॉर्कशायरात. वराकडची मंडळी किल्टमध्ये, म्हणून मीही एक भाड्याने आणला. रात्री दीड वाजता ग्रुपवर मेसेज पडला, 'उद्या वाफेच्या गाडीने हॉवर्थ. सगळे किल्टमध्येच!' ही गंमत आहे हे माझ्याखेरीज सगळ्यांना कळलं. रविवारी कीथली स्टेशनवर नवरदेवासकट अकरा जण जीन्समध्ये, आणि उघड्या गुडघ्यांचा मी.

रुसून दुसऱ्या डब्यात जाऊन बसलो. कीथली ते ऑक्सनहोप हा जेमतेम आठ किलोमीटरचा फाटा. १८६७चा. सरकारी रेल्वेने बंद केला, तो हौशी लोकांनी १९६८मध्ये पुन्हा सुरू केला. आजही निवृत्त आजोबा गणवेश घालून तो फुकट चालवतात. त्यातल्या एकाने माझं तिकीट तपासलं, गुडघे पाहिले आणि ढिम्म चेहऱ्याने म्हणाला, "स्कॉटलंडची गाडी पलीकडच्या फलाटावरून."

जुन्या डब्यातल्या बाकांचं कापड म्हणजे निव्वळ काथ्या. पॅंटवाल्यांना ते कळत नाही. मी बसलो आणि तोंडून निघालं, "आई गं!"

"अगंबाई, मराठी का?"

समोर काकू. पायांत पांढरे बूट, गळ्यात टूर कंपनीचं ओळखपत्र. शेजारी काका मोबाइल खिडकीबाहेर काढून धुराचा व्हिडिओ घेत होते. पाच मिनिटांत 'तुम्ही'चा 'तू' झाला.

"किती वार लागतं रे याला?"

"आठ."

"म्हणजे आपल्याहून एक वार कमीच." नऊवारीच्या बाजूने सामना जिंकून काकू पुढे सरकल्या. "हे घालतात की नेसतात?"

हा प्रश्न मला दुकानात कोणी विचारला नव्हता. पॅंट घालतात, धोतर नेसतात. याला तर शिवलेल्या चुण्या, वर चामड्याचे पट्टे. घालतात, असं मी चाचरत म्हणालो.

"निऱ्या आहेत ना? मग नेसतात," काकूंनी निकाल दिला. "पण तू उलटा नेसलायस. निऱ्या मागे गेल्यात बघ."

"काकू, त्या मागेच असतात."

"निऱ्या कधी मागे असतात का? आणि हा बटवा असा मध्ये? पान-सुपारी ठेवतोस का त्यात?"

मोबाइल आणि परतीचं तिकीट होतं. दाखवलं. काका खिडकीतूनच म्हणाले, "अगं, राहू दे त्याला." संसारात हे वाक्य त्यांनी किती वेळा वाया घालवलं असेल, देव जाणे.

मग काकूंना पिन दिसली. किल्टचे दोन पदर एकावर एक येतात आणि पिन फक्त वरच्या पदराला लावायची असते, वजनासाठी. हे मी सांगितलं. काकूंनी माझ्याकडे शेंबड्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "अरे, दोन्ही पदर धरलेच नाहीयेत! वाऱ्याने उडालं म्हणजे?" त्यांच्या बांगडीला तीन सेफ्टी पिना लटकत होत्या. त्यातली मोठी त्यांनी सोडवली. ओकवर्थ स्टेशन गेलं, गाडी पुढच्या बोगद्यात शिरली. बोगदा एवढासा, पण उजेडात आलो तेव्हा माझे दोन्ही पदर पक्के जखडलेले होते आणि काकू समाधानाने चिवड्याची पुडी फोडत होत्या.

चिवडा चांगला होता, हे मान्य करायला हवं.

हॉवर्थला उतरून गावाकडे जाताना पादचारी पूल लागतो. तिसऱ्या पायरीवर चर्र असा आवाज आला. तिथून पुढे ती दगडी फरसबंदीची उभी चढण मी एक हात पुढे, एक हात मागे धरून चढलो. वर चर्चमागे लेखिका ब्राँटे बहिणींचं घर, त्यापलीकडे नुसता माळ आणि वारा. त्यांतल्या एमिलीने 'वदरिंग हाइट्स' या कादंबरीच्या नावातच हा वारा घातलाय. वाचताना तो काव्यमय वाटतो, फाटक्या किल्टमध्ये उभं राहिल्यावर नाही. तिघी बहिणींनी पुरुषांची वाटावीत अशी नावं घेऊन पुस्तकं छापली, आणि मी पुरुष असून इथे पदर सांभाळतोय, असा विनोद त्या अकरांपैकी एकाने केलाच. बाकीचे दहा हसले. मी हसलो नाही.

मला आठवत होता ब्राँटे बहिणींचा भाऊ, ब्रॅन्वेल. रेल्वेत कारकून होता. हिशोबात अकरा पौंडांच्या आसपास तूट निघाली आणि १८४२मध्ये त्याची नोकरी गेली. गोंधळ बहुधा हाताखालच्या हमालाने केला होता, पण भरलं याने. त्याचं दुःख मला आता नीट कळतं. माझी तूट चाळीसची आहे.

दुकानाने बिलासोबत एक छोटं पाकीट दिलंय. वर लिहिलंय, 'आमची नाही.' आत काकूंची सेफ्टी पिन.