रोल केजचं बळ पाइपच्या जाडीत नसतं

ऑफ-रोड गाड्यांचा नाद असलेल्या बहुतेकांच्या मोबाइलवर एक मजकूर कधी ना कधी येऊन गेलेला असतो. विषय रोल केजचा, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसांना वाचवायला बसवलेल्या नळ्यांच्या पिंजऱ्याचा. थोडक्यात तो मजकूर असा: "रोल केज बनवायचाय? मिळेल तेवढ्या जाड भिंतीचा पाइप घ्या. पाण्याचा जीआय पाइपही चालतो, लोखंड ते लोखंडच. जितक्या नळ्या जास्त तितका पिंजरा मजबूत. वेल्डिंग भरपूर करा, पाय फ्लोअरला जोडा. पिंजरा जरासुद्धा वाकता कामा नये. एवढं केलंत की गाडी कशीही उलटू द्या, आतल्या माणसाला खरचटणारही नाही."

प्रत्येक वाक्य ऐकताक्षणी पटतं, आणि म्हणूनच मला या मजकुराची काळजी वाटते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण हे वाचून बांधलेल्या पिंजऱ्यात उद्या कुणीतरी बसणार आहे. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

"मिळेल तेवढ्या जाड भिंतीचा पाइप घ्या."

गाडी उलटल्यावर नळी बहुधा वाकून हार मानते. वाकण्याला विरोध करताना धातू किती आहे याच्याइतकाच तो नळीच्या मध्यापासून किती लांब आहे, हा प्रश्न असतो. हिशेबात बाहेरच्या व्यासाचा चौथा घात येतो आणि त्यातून आतल्या व्यासाचा चौथा घात वजा होतो. आकडे घालून पाहा. ३८ मिमी व्यासाची, ४ मिमी जाड भिंतीची नळी मीटरला साधारण ३.३५ किलो भरते. ५० मिमी व्यासाची, २ मिमी भिंतीची नळी भरते २.३७ किलो. ही दुसरी नळी जवळजवळ ३० टक्के हलकी, तरीही ताठपणात सुमारे ३९ टक्के सरस, आणि वाकवणारा भार सोसण्यातही किंचित पुढेच. त्याच वजनाची भरीव सळई घेतलीत तर तिचा व्यास २० मिमीसुद्धा भरत नाही आणि ताठपणा या नळीच्या बाराव्या हिश्श्यावर येतो.

याचा अर्थ भिंत कितीही पातळ केली तरी चालेल असा नाही. फार पातळ नळीला दगडाचा पोचा पडतो, आणि पोचा पडलेली नळी त्याच जागी मोडते. जगभरच्या मोटारस्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या एफआयएच्या अपेंडिक्स जे, कलम २५३ मध्ये मुख्य कमानीसाठी (सीटच्या मागे, गाडीच्या रुंदीभर उभी राहते ती) किमान ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी नळी सांगितली आहे, आणि बाकीच्या नळ्यांसाठी ३८ × २.५ किंवा ४० × २. या मापांत ४ मिमी भिंत कुठेच मागितलेली नाही.

जाड पाइपचं वजन शिवाय डोक्यावर बसतं. समजा गाडी १५०० किलोची, दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आहे. सस्पेन्शनची हालचाल बाजूला ठेवली तर ही गाडी सुमारे ४७ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत तग धरते. आता १५० किलोचा पिंजरा बसवा, ज्याचं वजन सरासरी दीड मीटर उंचीवर आहे. मर्यादा ४४ अंशांवर येते. उलटल्यावर वाचावं म्हणून केलेली तयारीच गाडीला लवकर उलटवते.

"लोखंड ते लोखंडच."

पाण्याचा पाइप आतला दाब सोसतो का, गळतो का, एवढ्यासाठी बनवलेला आणि तपासलेला असतो. अपघातात वाकताना तो न चिरता किती ताणला जाईल, याची हमी त्याच्याबरोबर येत नाही. त्याचं मापही फसवं, कारण नाव आतल्या बोअरवरून पडलेलं असतं: दीड इंची म्हणून घेतलेल्या पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे ४८ मिमी निघतो. वर जस्ताचा लेप. तो तसाच ठेवून वेल्डिंग केलं तर जोडात बुडबुडे राहतात, तडे जाण्याची शक्यता वाढते आणि वेल्डरला त्या धुराने ताप भरतो. लेप घासून काढला म्हणून आतलं पोलाद बदलत नाही. एफआयए थंड ओढलेली सीमलेस (बिनजोड) कार्बन स्टीलची नळी मागते, जिची ताणशक्ती किमान ३५० मेगापास्कल असावी.

उलट्या बाजूची चूकही होते. क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची नळी) घेतली की सगळं सुटलं, असं काही जण मानतात. क्रोमोली तुटायला आणि कायमची वाकायला जास्त भार लागतो हे खरं, पण तिचा ताठपणा साध्या माइल्ड स्टीलइतकाच असतो. त्या भरवशावर भिंत पातळ केलीत, तर तोच भार पडल्यावर पिंजरा जास्त लवतो. शिवाय तिचं वेल्डिंग बेफिकिरीने केलं तर जोडाशेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो. ज्याचा हात त्यावर बसलेला नाही त्याने चांगल्या माइल्ड स्टीलचाच पिंजरा बांधावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

"जितक्या नळ्या जास्त तितका मजबूत."

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय, म्हणून इथे थोडं थांबतो.

चार काड्या घ्या, टोकं टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्याला बोट लावा. चौकोन बाजूला लवंडतो. त्याला आणखी दोन आडव्या काड्या लावल्या तरी तो तितकाच सहज लवंडतो. पण एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एकच तिरकी काडी लावलीत की तो जागचा हलत नाही. रोल केजची सगळी विद्या या एका तिरक्या काडीत आहे. त्रिकोणात भार नळीच्या लांबीच्या दिशेने जातो, ओढ किंवा दाब म्हणून, आणि तसा भार सोसण्यात नळी फार तरबेज असते. चौकोनात तोच भार कोपऱ्यातल्या जोडाला पिळत बसतो.

म्हणून नळ्या मोजू नका, उघडे चौकोन मोजा. मुख्य कमानीत कर्ण आहे का? मागच्या तिरक्या आधारांमध्ये? छपरात? दारात? छपराचा कर्ण सगळ्यात जास्त वेळा राहून जातो, आणि ऑफ-रोडला तोच जास्त लागतो. तिथे गाडी बहुतेक वेळा सावकाश, कुशीवर कलंडते आणि छपराचा एखादा पुढचा कोपरा दगडावर टेकतो. सगळं वजन त्या एका कोपऱ्यावर येतं, आणि तिथून पिंजऱ्याच्या पायांपर्यंत भाराला सरळ वाट नसेल तर पुढची काच असलेली चौकट आत येते.

दुसरी गोष्ट, नळ्या एकमेकींना कुठे भेटतात. तिरकी नळी दुसऱ्या नळीच्या पोटात नेऊन टेकवली की ती आधार देत नाही, त्या नळीला मधोमध दाबते. भेट जोडावरच व्हायला हवी. एफआयएच्या नियमात कर्णाचं वरचं टोक मागच्या आधाराच्या जोडापासून १०० मिमीच्या आतच हवं, ते यासाठीच. लांबलचक मोकळी नळी तर दाबाखाली अचानक बाहेर फुगते. तिला मधे, योग्य ठिकाणी एक टेकू दिला आणि मोकळी लांबी निम्मी झाली, तर ती आधीच्या चौपट दाबापर्यंत टिकू शकते. अशी एक नळी तुम्ही नुसत्या शोभेच्या पाच नळ्यांपेक्षा आधी लावा.

तिसरी, कर्ण सरळच हवा. डॅशबोर्ड वाचवायला किंवा सीटला जागा द्यायला त्याला बाक दिलात, तर दाब येताच तो बाक वाढतो आणि कर्ण असून नसल्यासारखा होतो. कमानीला बाक द्यावाच लागतो, पण त्याची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिपटीहून कमी नको आणि बाकाच्या आतल्या बाजूला सुरकुती नको. सुरकुती दिसली तर ती नळी भंगारात टाका. मुख्य कमान एका अखंड नळीचीच असावी.

"वेल्डिंग भरपूर करा."

भरपूर वेल्डिंग बहुधा वाईट कटिंग झाकायला केलेलं असतं. नळीचं टोक समोरच्या नळीच्या गोलाईत नीट बसेल असं माशाच्या तोंडासारखं कापलेलं असेल, तर एक नीटस थर पुरतो. पाच मिमीची फट ठेवून ती भरत बसलात तर उष्णता वाढते, नळी ओढली जाते आणि जोडाशेजारचं पोलाद बिघडतं. नंतर दिसायला छान म्हणून तो थर ग्राइंडरने सपाट करणं म्हणजे जोडाचा जीवच घासून टाकणं.

खरी चाचणी जोडाच्या वरच्या बाजूला होते. छपराला चिकटलेल्या नळीभोवती वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही आणि वेल्डिंग तीन बाजूंनीच राहतं. जाणते कारागीर पिंजरा आधी खाली सोडून वरचे जोड पूर्ण फिरवून घेतात, मग तो उचलून पायांखाली प्लेट सरकवतात. पिंजरा बनवून घेताना हात वर घालून जोडाची मागची बाजू चाचपून पाहा.

"पाय फ्लोअरला जोडा."

फ्लोअरचा पत्रा जेमतेम एखाद्या मिलिमीटरचा असतो. ५० × २ च्या नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा कड्यावर गाडीचं वजन आदळलं की नळी पत्र्यातून आरपार जाते आणि वरचा पिंजरा शाबूत राहूनही तितकाच खाली बसतो. एफआयए म्हणूनच पायाखाली किमान ३ मिमी जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट मागते, म्हणजे नळीच्या तोंडाच्या चाळीसपट. ती प्लेट सपाट पत्र्याच्या मधोमध न टाकता सिलच्या (दाराखालच्या उंबऱ्याच्या) कडेवर किंवा चॅसिसच्या आडव्या बीमवर चढवलेली बरी.

चॅसिस वेगळी आणि बॉडी रबरावर बसलेली असेल तर काही पाय बॉडीला, काही चॅसिसला, असं जोडकाम करू नका. ओबडधोबड रस्त्यावर चॅसिस पिळते, बॉडी वेगळी हलते आणि मधे अडकलेल्या पिंजऱ्याच्या जोडांना बारीक तडे जातात. ते तडे गाडी उलटण्याआधी कुणाला दिसत नाहीत.

"जरासुद्धा वाकता कामा नये."

ट्रॅक्टर उलटून माणसं मरत होती, म्हणून स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरना संरक्षक चौकट सक्तीची केली. तिथून वाढलेल्या शास्त्राने चौकटीचं काम वेगळं मांडलं: माणसाभोवती एक राखीव जागा ठरवायची आणि चौकट किती का वाकेना, त्या जागेत शिरता कामा नये. जमीन खोदणाऱ्या यंत्रांसाठीच्या आयएसओ ३४७१ मानकात चौकटीने किती भार सोसावा याच्याबरोबर किती ऊर्जा पचवावी हेही ठरवलेलं आहे, आणि ऊर्जा पचते ती वाकूनच. एफआयएच्या भारचाचणीतही मुख्य कमानीला ५० मिमीपर्यंत वाकायची मुभा आहे. न वाकता तुटणारा पिंजरा सगळ्यात वाईट. तेव्हा नळी हळूहळू नमणारी निवडा आणि डोक्याभोवती तेवढं अंतर सोडा.

"आतल्या माणसाला खरचटणारही नाही."

पिंजरा फक्त जागा राखतो. त्या जागेत माणसाला धरून ठेवतो तो पट्टा. नेहमीच्या तीन टोकांच्या पट्ट्यात गाडी उलटी झाली की शरीर सीटवरून सुटून वर जातं, आणि वर आता छपराच्या पत्र्याऐवजी पोलादी नळी असते. हेल्मेट नसेल तर मजबूत पिंजरा डोक्याला साध्या छपरापेक्षा घातक ठरू शकतो. म्हणून सीट पक्की, पट्टा चार किंवा अधिक टोकांचा, हेल्मेट, आणि डोकं पोचेल त्या प्रत्येक नळीवर त्याच कामासाठी बनवलेलं टणक पॅडिंग. एसीच्या पाइपवरचा मऊ फोम तिथे कामाचा नाही. खिडकीला जाळी हवी, कारण गाडी कलंडताना हात आपसूक बाहेर टेकायला जातो. मागे सुटा पडलेला जॅक आणि हत्यारांची पेटीही बांधून ठेवा.

आणि एकदा वाकलेली नळी गरम करून, ठोकून सरळ केलेला पिंजरा विकत घेऊ नका, बसवूही नका. ती नळी जोडापासून कापून नवी घालायची, आणि शेजारच्या जोडांवरचा रंग खरवडून तडे शोधायचे.