शहापूरच्या बीमबद्दलच्या तक्रारीला उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की मागाच्या खोलीतल्या बीमला मजबुतीसाठी काळं कापड चिकटवून आम्ही गर्डरपेक्षा जास्त पैसे घेतले, पावसात दहा दिवस काम बंद ठेवलं आणि चार महिन्यांत गिलावा सुटला.

गिलाव्याची चूक आमचीच. इपॉक्सीचा, म्हणजे ते कापड ज्याने चिकटवतात त्या गोंदाचा, शेवटचा हात ओला असतानाच त्यावर कोरडी वाळू मारावी लागते. नाहीतर वाळल्यावर तो काचेसारखा गुळगुळीत होतो, गिलावा धरतच नाही. तुमच्याकडे वाळू मारायची राहिली. मी त्या दिवशी साइटवर नव्हतो, पण जबाबदारी माझीच. गिलावा पुन्हा करून देतो, एक रुपयाही घेणार नाही. तोवर दुसऱ्या गवंड्याला बीमवर छिन्नी किंवा ड्रिल लावू देऊ नका, आतले धागे तुटतील.

गिलावा सुटला म्हणजे त्याखालचं कार्बनच्या धाग्यांचं ते काळं कापड सुटलं असं नव्हे. रविवारी तुमच्यासमोरच रुपयाच्या नाण्याने बीम या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवून पाहिला. पोकळ आवाज कुठेच आला नाही.

दहा दिवसांचं मात्र मी आजही तेच करीन. आषाढातला बेळगावचा पाऊस, त्यात माडीवरून झिरपणारं पाणी. बीमला चिकटवलेल्या प्लास्टिकच्या कागदाला सकाळी आतून थेंब आलेले मी तुम्हाला दाखवले होते. ओल्या काँक्रीटला इपॉक्सी नीट धरत नाही, आणि या कामात सगळा भार त्या चिकटण्यावरच असतो.

पैशाचं म्हणाल तर बराचसा खर्च कापडाच्या आधीचा आहे. सळ्या गंजून कव्हर, म्हणजे त्यांच्यावरचा काँक्रीटचा थर, फुगलं होतं. ते फोडून, गंज घासून, नवा मॉर्टर भरल्याशिवाय वर काहीही चिकटवलं असतं तर कव्हरसकट खाली आलं असतं. हा हिशोब मी बिलात वेगळा लिहायला हवा होता. आणि ते कापड दिसायला पातळ असलं तरी त्याचे धागे ताणाला सळईच्या कितीतरी पट टिकतात. 1991 साली स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या ईबाख पुलाला 175 किलो लोखंडी पट्ट्यांऐवजी 6.2 किलो कार्बन लावून भागलं. तुमच्याकडे गर्डर टाकला असता तर बीमखालची उंची गेली असती आणि माग हलवावे लागले असते.

एक गोष्ट सांगायची राहिली होती: इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं. त्या बीमखाली गॅसची शेगडी ठेवू नका. शनिवारी सकाळी माणसं घेऊन मी स्वतः येतो.