‘अपघात झाला तर थांबू नका’ हा सल्ला कुणाच्या तरी जिवावर बेतेल

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. तिसरा ग्रुप घरचा, पाठवणारी माझी सख्खी मावशी. वर ‘वकील मित्राचा सल्ला, जपून ठेवा’ असं लिहिलेलं आणि खाली पाच सूचना: थांबू नका, पब्लिक मारते. जखमीला हात लावू नका, पोलीस तुम्हालाच अडकवतात. पोलीस केस झाल्याशिवाय हॉस्पिटल पेशंट घेत नाही. किरकोळ असेल तर जागेवरच पैसे देऊन मिटवा. एफआयआर नसेल तर इन्शुरन्सचा रुपयाही मिळत नाही. मावशीचा मुलगा रोज गाडीने हिंजवडीला जातो, तिने काळजीपोटीच पाठवला असणार. पण यातली एकही सूचना जशीच्या तशी पाळू नये, म्हणून हे लिहितोय.

‘थांबू नका.’ मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये आला, आणि ड्रायव्हरने थांबलंच पाहिजे हे त्यात स्पष्ट आहे. जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा हॉस्पिटलात पोचवायचं आणि पोलिसांना कळवायचं, जास्तीत जास्त चोवीस तासांत. जमावाची भीती खोटी नाही. गाड्या फोडलेल्या, ड्रायव्हरला चोपलेलं आपण पाहिलंय. कायद्यालाही हे माहीत आहे. जमाव अंगावर येत असेल तर जखमीला नेण्याच्या जबाबदारीतून तो सूट देतो. पोलिसांना कळवण्यातून देत नाही. म्हणजे जिवाला धोका वाटला तर निघा, पण सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि वाटेतच ११२ लावा.

त्याच मेसेजमध्ये ‘आता दहा वर्षं आत टाकतात’ अशी ओळ आहे. आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तसं कलम आहे खरं, पण ते न कळवता पळून जाणाऱ्यासाठी. २०२४च्या जानेवारीत ट्रकचालकांनी संप केला तो त्याच्यावरूनच, आणि १ जुलैला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे, पण तो गुन्हा जामीनपात्र आहे. दारू पिऊन चालवत असाल तर गोष्ट वेगळी.

‘जखमीला हात लावू नका.’ यावर मला जास्त बोलायचंय, कारण ही भीती मी स्वतः भोगलीय. २०१३ साली पावसाळ्यात रात्री एका मोटारसायकलवाल्याला ट्रकने उडवलं. मी आणि एक टपरीवाला, आम्ही दोघांनी त्याला माझ्या गाडीत घातलं. मागच्या सीटवर तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘घरी सांगू नका.’ हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिला प्रश्न आला, ‘पोलिसांचा कागद आणलाय का?’ मग मला पहाटेपर्यंत तिथेच बसवून ठेवलं आणि पुढे तीनदा चौकीत बोलावलं. तो माणूस वाचला. पण त्यानंतर वर्षभर, रस्त्यात गर्दी दिसली की माझा पाय ब्रेककडे जायचाच नाही. हे लिहायला आजही लाज वाटते.

म्हणून सांगतो, हा मेसेज तेव्हाच्या अनुभवावर उभा आहे. मधल्या काळात कायदा बदलला. ३० मार्च २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने, सेव्हलाइफ फाउंडेशन या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर, मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही असे नियम बंधनकारक केले. २०१९ला ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आलं: कलम १३४ अ. २०२०च्या नियमांप्रमाणे मदत करणाऱ्याने नाव, पत्ता, फोन द्यायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. झालाच तर जबाब त्याच्या सोयीच्या वेळी, घरी किंवा कामाच्या जागी, एकाच बैठकीत घ्यायचा, आणि घरी येणाऱ्या पोलिसाने साध्या कपड्यांत यायचं. शेजाऱ्यांनी ‘पोलीस का आले होते?’ विचारू नये, इतका बारीक विचार त्यात आहे. हे पोलीस ठाण्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून कलमाचा आकडा लक्षात ठेवा.

‘पोलीस केस झाल्याशिवाय हॉस्पिटल घेत नाही.’ २०१३ला मला जो प्रश्न विचारला तो तेव्हाही चुकीचाच होता. स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं आणि पोलीस केस म्हणून हॉस्पिटलने घेतलं नाही, अशाच घटनेवरून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालय गाठलं होतं. १९८९चा निकाल सांगतो की आधी जीव, कागद नंतर, आणि हे सरकारी-खाजगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी कॅशलेस उपचारांची केंद्राची योजनाही आहे: ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांत दीड लाखापर्यंत, अपघातापासून सात दिवस. काउंटरवरच्या माणसाने डिपॉझिट मागितलं तर या योजनेचं नाव घ्या.

‘जागेवर मिटवा’ आणि ‘एफआयआर नसेल तर क्लेम नाही’ ही जोडी एकत्रच घेतो. बंपर घासला, कुणाला खरचटलंही नाही, तर एफआयआर सहसा लागत नाही. दोन्ही गाड्यांचे, नंबरप्लेटचे, रस्त्याचे फोटो काढा, मग गाडी कडेला घ्या, विमा कंपनीला कळवा, आणि नुकसान तपासणारा त्यांचा सर्व्हेअर येईपर्यंत गॅरेजवाल्याला काही खोलू देऊ नका. आधी खोललं तर क्लेम अडकतो. माणूस लागला असेल तर मात्र पैसे देऊन मिटवू नका. पॉलिसीतच अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत. आणि उठून कपडे झटकणाऱ्याला पोटात रक्तस्राव होत असला तर तो तासाभराने कळतो. त्याच्या बाजूनेही पोलिसांत नोंद हवी, कारण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागायला कायद्याने सहाच महिन्यांची मुदत घातली आहे. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळतात. ही रक्कम मागायला फार कमी घरं जातात.

मेसेजमध्ये नाही ते सांगतो. इंजिन बंद, चारही इंडिकेटर चालू. १०८ लावा, हायवेवर १०३३ही. रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. मान हलवू नका, श्वास अडकत नसेल तर हेल्मेट ओढू नका. आणि पाणी पाजू नका, मागितलं तरी. आमच्या टपरीवाल्याने ग्लास भरला होता. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, शिवाय ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं.

काल मावशीला फोनवर हे सगळं सांगितलं. तिचा एकच प्रश्न होता, ‘मग पोलिसांनी नाव विचारलं तर?’ म्हटलं, सांगायचं असेल तर सांग, नाहीतर ‘नाही सांगायचं’ म्हण आणि घरी ये.