‘एआय हे नुसतं साधन आहे’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या, शिक्षकांच्या आणि आता नातेवाइकांच्याही ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बोलणारं एआय हे कॅल्क्युलेटरसारखं नुसतं साधन आहे. छापखाना आला, कॅल्क्युलेटर आला, गूगल आलं. दर वेळी लोक घाबरले आणि काहीच बिघडलं नाही. यंत्राला स्वतःचं मत नसतं, म्हणून ते तटस्थ असतं. ते आता मराठीत बोलतं, म्हणजे मराठी वाचली. विचार शेवटी माणूसच करतो. आणि गरिबाच्या मुलालाही घरबसल्या शिक्षक मिळाला, मग संस्कृती बदलेल ही भीती कशाला?

मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधल्या मुलांचे मुख्य परीक्षेचे सराव पेपर तपासते. ही मुलं एआय रोज वापरतात, मीही वापरते. धास्तावलेल्या पालकांना धीर द्यावा, हा मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू मला कळतो. पण हा धीर खोट्या पायावर उभा आहे आणि त्याची किंमत मुलं मोजत आहेत.

पहिला मुद्दा, ‘काहीच बिघडलं नाही’. हे निदान पुण्यात बसून तरी कुणी म्हणू नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शाळेच्या पुस्तकांची मराठी मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालून जात असे. आज आपण सहज टाकतो ते स्वल्पविराम आणि अर्धविराम मराठीत रुळले ते त्याच काळात. पुण्याच्या परिसरातल्या शिकलेल्या लोकांची बोली पुस्तकात शिरली, मग तीच ‘शुद्ध’ ठरली, आणि अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारं मूल वर्गात तोंड उघडायला कचरू लागलं. ते कचरणं अजून संपलेलं नाही. मुलाखतीच्या सरावात खानदेशातली हुशार मुलगी दोन वाक्यं बोलून थांबते, तेव्हा मला तेच दिसतं. छापखाना वाईट होता असं मी म्हणत नाही. जोतीराव फुल्यांचे विचारही छापखान्यामुळेच दूरवर पोचले. पण भाषेला हात घालणारी यंत्रणा आली की माणसं बदलतात, याचा इतका ढळढळीत दाखला समोर असताना तोच दाखला उलट बाजूने कसा देता येईल?

छापलेल्या कागदावर निदान बोलणाऱ्याचं नाव असायचं. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला. आगरकर त्यातून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोन्ही पत्रं एकमेकांच्या विरुद्ध उभी होती. वाचकाला कोण बोलतंय ते ठाऊक होतं आणि एकाच शहरात दोन्ही कागद मिळत होते. चॅटबॉट, म्हणजे हे बोलणारं एआय, कोट्यवधी लोकांशी बोलतो, पण एकेकट्याशी. तुम्हाला मिळालेलं उत्तर शेजाऱ्याला दिसत नाही, मग तो ते खोडून काढणार कसं?

कॅल्क्युलेटरबद्दल फार बोलायची गरज नाही. १७ गुणिले २३ म्हणजे ३९१, हे पुण्यात आणि टोकियोत सारखंच. कुठलं गणित करण्याच्या लायकीचं आहे, हे कॅल्क्युलेटर सांगत नाही. चॅटबॉट सांगतो.

‘यंत्राला मत नसतं’ हा दुसरा मुद्दा. मत असायला मन असावं लागतं असं आपण धरून चालतो, म्हणून हे पटकन पटतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांच्या २०२३ मधल्या प्रयोगात १,५०६ जणांना समाजमाध्यमं समाजासाठी चांगली की वाईट यावर लिहायला सांगितलं होतं. काहींना लिहिताना वाक्यं सुचवणारं एआय दिलं आणि ते मुद्दाम एका बाजूला कललेलं ठेवलं. लिहिणाऱ्यांचा मजकूर त्या बाजूला झुकला. नंतर त्यांचं स्वतःचं मत विचारलं, तर तेही सरकलेलं निघालं, आणि बहुतेकांना आपल्याला कुणी ढकलतंय याचा पत्ताही नव्हता. २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात षड्यंत्राच्या कथांवर विश्वास असलेली माणसं एआयशी थोडा वेळ बोलली आणि त्यांचा विश्वास सरासरी २० टक्क्यांनी कमी झाला. दोन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता. ही चांगलीच बातमी आहे. पण तिचा अर्थ मेसेजच्या विरुद्ध जातो: हे संभाषण माणसाची श्रद्धा हलवू शकतं. आणि ते कुठल्या दिशेने हलवेल हे बनवणारी कंपनी ठरवते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीच्या मॉडेलमध्ये बदल केला, ते वापरणाऱ्याची वारेमाप खुशामत करू लागलं आणि कंपनीला काही दिवसांत तो बदल मागे घ्यावा लागला. सगळं जग ज्याच्याशी बोलतं त्याचा स्वभाव चार दिवसांत बदलला आणि परत फिरला. याला तटस्थ कसं म्हणायचं?

आता ‘मराठी वाचली’. या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण हा मुद्दा कानाला गोड लागतो. व्याकरणाच्या बाबतीत ही यंत्रं खरंच सुधारली आहेत. पण त्यांची बैठक कुठली? चॅटजीपीटीच्या आधीच्या जीपीटी-३ या २०२० च्या मॉडेलला शिकवलेल्या मजकुरात इंग्रजी शब्द सुमारे ९३ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८.३ कोटी लोक नोंदले गेले, आणि मराठी विकिपीडियावर लेख आहेत सुमारे एक लाख. इंग्रजीत सत्तर लाखांच्या वर. इतक्या थोड्या मजकुरातून मराठी वाक्यं जुळवता येतात. पण उदाहरणं, युक्तिवादाची चाल, काय सांगण्यासारखं आहे आणि काय नाही याची निवड, हे बरंचसं इंग्रजी ढिगातूनच येतं.

माण तालुक्यातल्या एका मुलाने दुष्काळावरच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आणलं. ‘दुष्काळ हे एक बहुआयामी आव्हान आहे’ इथून सुरुवात, मध्ये तंत्रज्ञान, धोरण आणि लोकसहभाग यांवर सारख्या लांबीचे तीन परिच्छेद, शेवटी ‘एकात्मिक दृष्टिकोनाची गरज’. चूक एकही नव्हती. मी त्याला गावाबद्दल विचारलं आणि तो बोलायला लागला. २०१२-१३ च्या दुष्काळात तो आजोबांबरोबर चारा छावणीत राहिला होता. कुणाची जनावरं आधी नोंदवली जायची, पेंड वाटताना भांडणं कशावरून व्हायची, टँकर कुठल्या वस्तीपर्यंत यायचा आणि कुठल्या वस्तीला वळसा घालून जायचा, बायकांचा दिवस कसा जायचा, सगळं त्याला ठाऊक होतं. दुष्काळ निवारणाची यंत्रणा कुठे गळते, हे त्याने पाच मिनिटांत एखाद्या अनुभवी तहसीलदारासारखं मांडलं. यातलं काहीच का लिहिलं नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, ते स्टँडर्ड वाटत नाही.’

मला या वाक्याची भीती वाटते. भाषा मराठीच होती, शुद्धलेखन चोख होतं, आणि त्याचा माण तालुका त्या कागदावर कुठेच नव्हता. त्याला कुणी मनाई केली नव्हती. रोज गुळगुळीत नमुने वाचून त्याला आपलं जगणं ओबडधोबड वाटू लागलं होतं.

हे एकट्या त्या मुलाचं नाही. कॉर्नेलच्याच संशोधकांनी २०२५ मध्ये भारत आणि अमेरिकेतल्या मिळून ११८ जणांना आवडता पदार्थ, सण वगैरे विषयांवर लिहायला सांगितलं, काहींना एआयच्या सूचनांसह आणि काहींना त्याशिवाय. सूचना घेतलेल्या भारतीयांचं लिखाण अमेरिकी वळणाकडे गेलं. आवडत्या पदार्थासाठी पिझ्झा, सणासाठी ख्रिसमस सुचवला जाई. शाहरुख खानचं नाव लिहिण्यासाठी इंग्रजी एस टाइप केलं, तर शकील ओनील किंवा स्कार्लेट जोहान्सन पुढे यायचे. भारतीयांना त्या सूचना वारंवार दुरुस्त कराव्या लागल्या, त्यामुळे यंत्राचा फायदाही त्यांना कमी झाला.

‘विचार शेवटी माणूसच करतो’ हे वाक्य मेसेजमध्ये ठळक अक्षरांत आहे. विचार आधी पूर्ण होतो आणि मग त्याला शब्द मिळतात, असं त्यात गृहीत धरलं आहे. पेपर तपासणारी कुठलीही व्यक्ती सांगेल की बहुतेक मुलांना आपलं म्हणणं काय आहे हे लिहिताना कळतं, खोडताना कळतं. पहिलं वाक्य आयतं आलं की तो शोध सुरूच होत नाही. एमआयटीच्या २०२५ च्या प्राथमिक अभ्यासात चॅटजीपीटीने निबंध लिहिणाऱ्या बहुतेकांना नुकत्याच लिहिलेल्या स्वतःच्या निबंधातलं एक वाक्यही नीट उद्धृत करता आलं नाही. (यावरून ‘एआयने मेंदू सडतो’ असे मेसेजही फिरले. तेही पुढे पाठवू नका. अभ्यास ५४ जणांवरचा होता आणि असे शब्द वापरू नका, अशी विनंती संशोधकांनीच केली आहे.) ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मधल्या २०२४ च्या प्रयोगात एआयकडून कल्पना घेतलेल्या लेखकांच्या कथा सुट्या वाचल्या तर सरस वाटल्या, पण एकमेकींशेजारी ठेवल्यावर त्या जास्त सारख्या निघाल्या. सुटी कथा वाचणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. मला दिसतं, कारण माझ्या टेबलावर गठ्ठा असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि राज्यसेवा परीक्षेची नवी वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं लिहून काढायची, पद्धत लांबणीवर पडून २०२५ वर गेली. उमेदवाराचा स्वतःचा विचार कागदावर दिसावा म्हणून ती पद्धत आणली आहे. तिच्या तयारीत मात्र सगळ्यांचे विचार एकाच साच्यातून निघू लागले आहेत.

राहिला गरिबाच्या मुलाचा शिक्षक. हा मुद्दा मला मनापासून पटतो, निम्मा. क्लासची फी परवडत नाही आणि शंका विचारायला लाज वाटते, अशा मुलाला रात्री दोन वाजता न चिडता समजावून सांगणारं कुणीतरी मिळालं, हे फार मोठं आहे. पण तुर्कस्तानात सुमारे हजार शाळकरी मुलांवर गणिताचा प्रयोग झाला तो पाहा. एका गटाला साधा चॅटबॉट दिला. सरावात त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी सुधारले. तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर एआय कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा ती १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाच्या चॅटबॉटला उत्तर न देता फक्त इशारे द्यायला बांधून ठेवलं होतं. त्या मुलांची सरावातली झेप कितीतरी मोठी होती आणि परीक्षेतलं नुकसान जवळजवळ नाहीसं झालं. फुकट हातात येतो तो सहसा पहिल्या जातीचा असतो. दुसरा कुणीतरी शिक्षकाने बसून घडवावा लागतो, आणि परिस्थितीने गांजलेल्या मुलाला नेमका तोच मिळत नाही. अभ्यासिका आणि शाळा आता एआयची वर्गणी भरू लागल्या आहेत. त्यांच्या चालकांनी पैसे देण्याआधी विकणाऱ्याला एवढं विचारावं: हे उत्तर लिहून देतं की मुलाला लिहायला लावतं? आणि ‘दोन्ही’ असं उत्तर मिळालं, तर उत्तर लिहून देण्याची सोय बंद करून दाखवायला सांगावं.