‘बस गावात का नेली नाही?’ : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या युरोप सहलीला एक तारा देऊन तुम्ही लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. मग त्या सहलीच्या टूर मॅनेजरला समोर बसवून पुन्हा वाचला. चेक प्रजासत्ताकातल्या चेस्की क्रुमलॉव्हमध्ये बॅगा ओढत चालावं लागलं आणि आईंचा गुडघा सुजला, ऑस्ट्रियातल्या हालस्टाटसाठी पहाटे उठवून नाश्ता डब्यात दिला, तिथल्याच साल्झबर्गला रात्री ड्रायव्हरने गाडी काढली नाही आणि जर्मनीतल्या रोथेनबुर्गच्या वाटेवर पेट्रोल पंपावर पाऊण तास ‘उगाच’ बसवून ठेवलं, अशा तुमच्या तक्रारी आहेत.

आईंबद्दल आधी बोलतो, कारण तिथे चूक पूर्णपणे आमची आहे. क्रुमलॉव्हचं जुनं गाव व्ल्तावा नदीच्या वळशात बसलंय. गल्ल्या अरुंद, चढ-उताराच्या, आणि खाली गोट्यांची फरसबंदी. मोठी बस तिथे शिरूच शकत नाही. २०१९पासून तर पर्यटकांच्या बसला उतरण्या-चढण्याची वेळ आधी ठरवून, पैसे भरून घ्यावी लागते; माणसं उतरली की गाडी लांब नेऊन लावायची. हे आम्हाला माहीत होतं. तरी माहितीपत्रकात आम्ही ‘हॉटेल गावाच्या ऐन मध्यात’ एवढंच कौतुकाने छापलं. ऐन मध्यात म्हणजे बॅगेची चाकं दगडांत अडकणार आणि बहात्तर वर्षांच्या बाईंना ते अंतर पायी कापावं लागणार, हे लिहिलं नाही. तुम्ही विचारलं होतं, ‘आईला जास्त चालावं लागेल का?’ आमच्या ऑफिसातून उत्तर गेलं, ‘काळजी करू नका.’ ते उत्तर द्यायला नको होतं. मी मनापासून माफी मागतो.

हालस्टाटची गोष्ट वेगळी आहे. तळं आणि डोंगर यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेलं, आठशेहून कमी वस्तीचं ते गाव. गर्दीला कंटाळून २०२३च्या ऑगस्टमध्ये तिथल्या लोकांनी रस्ता अडवला होता. २०२०पासून तिथे बसला ठरलेली वेळ घ्यावी लागते आणि निदान अडीच तास थांबावं लागतं. (फोटो काढून अर्ध्या तासात पळणाऱ्या गाड्या नकोत, हा त्यांचा आग्रह मला पटतो.) आपली वेळ साडेदहाची होती आणि क्रुमलॉव्हहून रस्ता डोंगराळ. उशीर झाला असता तर गाडी आत घेतीलच याची खात्री नव्हती, म्हणून पावणेसातला निघालो. गरम नाश्ता मात्र मिळायला हवा होता. वाटेत तासाभराने थांबून तो देता आला असता, आणि पुढच्या सहलीपासून तसंच करणार आहोत.

आता ड्रायव्हर. तुम्ही त्यांना उद्धट म्हटलंय, त्याबद्दल मला स्पष्ट लिहावंसं वाटतं. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती कायद्याने सक्तीची आहे. दिवसाला ९ तास चालवायचं, आठवड्यातून फक्त दोनदा १०. रोज रात्री सलग ११ तास विश्रांती. ती ९ तासांवर आणायची मुभा दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मधे तीनदाच, आणि आपल्या सहलीत ती तिन्ही वेळा आधीच वापरून झाली होती. हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफवर, म्हणजे गाडी कधी चालली आणि कधी थांबली हे टिपणाऱ्या यंत्रावर, नोंदलं जातं आणि रस्त्यात पोलीस ते तपासतात. साल्झबर्गला नऊ वाजता गाडी लागली, सकाळी आठला निघायचं होतं. रात्री किल्ल्याचे दिवे बघायला पाच मिनिटं जरी गाडी काढली असती, तरी ती विश्रांती मोडली असती. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून ते नुसते यंत्राकडे बोट दाखवत राहिले. चूक आमच्या मॅनेजरची. त्याने ‘बघू या’ म्हणून तुम्हाला आशा लावली.

दुसऱ्या दिवशी म्युनिकच्या आसपास वाहतूक तुंबली आणि साडेचार तास रोथेनबुर्गच्या अलीकडेच भरले. तो पाऊण तास त्याचाच. चाळीस माणसं मागे बसलेली असताना ड्रायव्हरला ‘थोडं चालवून घ्या’ म्हणायला मी तयार नाही, कुणी कितीही तारे कापले तरी. पण का थांबतोय आणि किती वेळ, हे माइकवर सांगायला काहीच लागत नव्हतं. स्वच्छतागृहाला सुट्टी नाणी लागतात हेही आधी सांगायला हवं होतं.

माहितीपत्रक बदललंय. प्रत्येक गावापुढे बस कुठे थांबते, तिथून हॉटेल किती मिनिटं चालत आणि रस्ता चढाचा की सपाट, हे छापतो. क्रुमलॉव्हला मोठ्या बॅगा हॉटेलच्या छोट्या गाडीतून जातील, खर्च आमचा. साल्झबर्गला हॉटेल आता ट्रॉलीबसच्या मार्गावर घेतलंय, म्हणजे रात्री ज्याला जायचं तो जाऊ शकेल.

आईंसाठी तुम्ही टॅक्सीला आणि औषधांना जो खर्च केलात, तो कळवा. पावत्या नसल्या तरी चालतील, या आठवड्यात खात्यात जमा करतो. आणि त्यांचा गुडघा आता कसा आहे, तेही लिहा.

आपला,
संचालक, ठाणे