‘टाकाऊतून आणखी टाकाऊ’: फोंड्याच्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

अडगळीतून खेळणी करण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच तिखट प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत ‘धन्यवाद, विचार करीन’ लिहून मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही चिडून लिहिलं असलं तरी मुद्द्याला धरून लिहिलंय, म्हणून हे लांबलचक उत्तर.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. धुतलेली बाटली भंगारवाला नेतो. तिलाच रंग, गोंद, चमकी फासून आपण हत्ती केला की तो चार दिवस शोकेसवर मिरवतो आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. म्हणजे टाकाऊतून आणखी टाकाऊ. शाळेचा प्रकल्प रात्री जागून आईच करते, आणि ‘टाकाऊ’ बाटल्या घरात नसल्या की भरलेल्या विकत आणून मोरीत ओतते. टोपणं, तारा, कटर मुलांच्या हातात देणं धोक्याचं. आणि शेवटचं, जे मला खरंच झोंबलं: हे सगळे भरल्या कपाटांच्या घरातले चोचले, ज्याला दुकानातली गाडी कधी मिळालीच नाही त्याला डब्याची गाडी देऊन कौतुक करणं ही थट्टा आहे.

बाटलीचं आधी घेऊ, कारण तिथे तुमचं म्हणणं बव्हंशी बरोबर आहे आणि त्या लेखातली खेळणी मी नेमकी त्याच कारणासाठी निवडली होती.

पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची असते. बुडाशी त्रिकोणात १ आकडा असतो. टोपण मात्र वेगळ्या प्लास्टिकचं असतं, २ किंवा ५ नंबरचं. हे मुलांना सांगायचं असेल तर बालदीभर पाणी घ्या. बाटलीचा कापलेला तुकडा आणि टोपणाचा तुकडा दोन्ही पाण्यात बुडवून, चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने पुसून सोडा. बाटलीचा तुकडा तळाला जातो, टोपणाचा तरंगत वर येतो. कारखान्यातही बाटल्यांचा चुरा करून हे दोन प्लास्टिक असेच पाण्यात वेगळे करतात. पेटचा चुरा धुऊन वितळवतात आणि त्यातून बहुतेक करून पॉलिस्टरचा धागा निघतो. आता त्याच बाटलीवर ऑइलपेंटचा थर, गोंदाने डकवलेले कापूस आणि टिकल्या असल्या तर हे गणित बिघडतं. कचरा निवडणाऱ्या बाईला ते खरवडत बसायला वेळ नसतो. ती बाटली बाजूला टाकते, आणि आपल्याकडे असा निरुपयोगी सुका कचरा गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंटच्या भट्ट्यांत जाळायला जातो. गोव्यातला साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ साली सुरू झाला तेव्हापासून आपल्याला वाटतं की पंचायतीच्या गाडीत टाकलं की संपलं. तसं नसतं.

चमकीबद्दल तर तुम्ही फारच सौम्य लिहिलंय. चमकी म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा चुरा. एकदा सांडली की फरशीतून मोरीत, मोरीतून व्हाळात, व्हाळातून मांडवी नदीत. युरोपात सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध आले. माझ्या घरात त्याआधीपासूनच होते, पण ते झाडू मारायचा कंटाळा म्हणून.

म्हणून माझा एकच नियम आहे आणि त्या लेखातलं प्रत्येक खेळणं तो पाळतं: बांधायचं, अडकवायचं, खोचायचं, चिकटवायचं नाही. चवथीला आपण माटोळी बांधतो तशी. चौकटीला नारळ, सुपाऱ्या, तोरिंगणं, रानातली कसली कसली फळं दोराने टांगतो. गणपती पोचवून आलो की गाठी सोडतो. खायचं ते खाल्लं जातं, चौकट माळ्यावर जाते. माटोळीला कुणी फेव्हिकॉल लावत नाही. खेळणंही मोडल्यावर सुटं व्हावं आणि त्यातली प्रत्येक वस्तू आपापल्या वाटेने जावी, एवढीच माझी अट आहे.

त्या लेखातला रिळाचा रणगाडा तुम्ही बहुधा घाईत ओलांडलात, म्हणून पुन्हा लिहिते. शिंप्याकडून दोऱ्याचं एक बुटकं रिकामं रीळ मागून आणा (कुठलाही शिंपी देतो, उलट ‘आणखी नेता का’ विचारतो). त्याच्या भोकातून रबर ओवा. एका तोंडाशी रबराच्या फासात जळलेल्या आगपेटीच्या काडीचा तुकडा घाला. तुकडा रिळाच्या कडेबाहेर येता कामा नये. प्लास्टिकच्या रिळाला आत ज्या खाचा असतात त्यांत तो बसला की फिरत नाही. दुसऱ्या तोंडाशी मेणबत्तीची बोटाएवढ्या जाडीची चकती लावा, मधोमध भोक पाडून, आणि तिच्यातून रबर बाहेर काढून त्या फासात खराट्याच्या हिराचा जाड बुडखा अडकवा, वीतभर लांब. आता हीर गोल गोल फिरवून रबराला पीळ द्या आणि रीळ जमिनीवर ठेवा.

हीर जमिनीला टेकतो, त्याला फिरता येत नाही, म्हणून रीळच फिरायला लागतं आणि गाडी संथपणे, जरा डुगडुगत पुढे सरकते. मुलं पहिल्यांदा मेणाची चकती गाळतातच, कारण ती उगाच वाटते. मग हीर रिळाला घासून अडकतो, गाडी हलत नाही किंवा एकदम झटका देऊन उलटते. मेण घातलं की दोघांच्या मध्ये घसरायला जागा मिळते आणि पीळ सावकाश सुटतो. गुळगुळीत फरशीवर रीळ जागच्या जागी फिरतं, चटईवर धावतं. मग कुणीतरी रिळाच्या दोन्ही कडांना जादा रबर गुंडाळतं आणि फरशीवरही ते चालायला लागतं. हे मी शिकवत नाही. मी फक्त चकती काढून घेते आणि गप्प बसते. खेळ संपला की रीळ, रबर, मेण, हीर, सगळं डब्यात परत. यात कचरा किती वाचला? एक रीळ. पर्यावरण वाचवण्यासाठी मी हे करते असं मी कुठेही लिहिलेलं नाही, ताई. एका रिळाने साळगावचा ढीग कमी होत नाही. एखादी गोष्ट का चालते आणि का अडते हे मुलाला हाताने कळावं म्हणून मी हे करते, आणि घरातली अडगळ त्यासाठी बरी पडते, कारण ती बिघडली तरी कुणी ओरडत नाही.

शाळेच्या प्रकल्पाबद्दल तुमच्याशी वाद नाही. माझ्या ओळखीतल्या एका घरी परवाच वर्गाच्या ग्रुपवर ‘उद्या टाकाऊ वस्तूंपासून शोभेची वस्तू’ असा निरोप रात्री जेवायच्या वेळेला आला. दुकानातून आइस्क्रीमच्या काड्यांचं नवं कोरं पाकीट आलं, रंगीत दोरा आला, पेनस्टँड आईने केला आणि मुलाने झोपेत त्यावर नाव घातलं. शिक्षिकेला दोष द्यावासा वाटत नाही, तिलाही वरून निरोप येतो. पण पालक म्हणून आपल्याला दोन गोष्टी करता येतील. एक, सजावटीच्या थर्माकोलला ठाम नाही म्हणायचं. १ जुलै २०२२ पासून देशभर त्यावर बंदी आहे, प्लास्टिकच्या दांड्यांच्या कानकाड्यांवरही, त्यामुळे कायदा आपल्या बाजूने आहे. दोन, मुलाने केलेलं वाकडंतिकडं तसंच पाठवायचं. ते शोकेसमध्ये लागलं नाही तर न लागो.

सुरक्षिततेचं मात्र नीट बोलू, कारण तिथे हयगय चालत नाही. दुकानातल्या खेळण्यावर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआयची खूण सक्तीची आहे. घरी केलेल्या खेळण्यावर ती नसते, म्हणून तपासणीस आपणच. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी लहान तुकड्यांची एक चाचणी असते: ३१.७ मिलिमीटर रुंदीच्या एका ठरावीक उंचीच्या नळकांड्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. बाटलीचं टोपण जेमतेम तीन सेंटिमीटरचं असतं. म्हणजे ते नापास. माझ्या लेखातली टोपणांची गाडी तीन वर्षांवरच्या मुलांसाठी होती आणि तसं तिथे लिहिलंय. पण घरात रांगतं भावंड असेल तर मोठ्यालाही टोपणं देऊ नका. नळकांडं कुठून आणायचं? टिश्यूच्या रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी रुंद असते, त्यामुळे निवाडा कडकच लागतो. त्यातून जे पडेल ते छोट्यापासून लांब.

फिनेल, संडास साफ करायचं अॅसिड, झाडांवर मारायचं औषध यांच्या बाटल्या कितीही धुतल्या तरी खेळण्यात नकोत. मॉल आणि एटीएमच्या गुळगुळीत पावत्या चित्रांना देऊ नका, त्यांच्या लेपात रसायन असतं. आणि जुन्या रिमोटमधल्या, गाणाऱ्या भेटकार्डातल्या चपट्या बटणासारख्या बॅटऱ्या तर मुलांच्या नजरेलाही पडू देऊ नका. गिळलेली लिथियमची बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला लागते. कटरपेक्षा मला तिची भीती जास्त वाटते. कटर दिसतो तरी.

आता चोचले. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

अरविंद गुप्ता कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन पुण्यात टेल्को या ट्रक बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागले. १९७८ साली रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. ज्या खेड्यातल्या शाळांत प्रयोगशाळा म्हणावी असं काही नव्हतं, तिथल्या मुलांसाठी त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या घेतल्या. नळीच्या तुकड्यात दोन्हीकडून काड्या खोचल्या की सांधा तयार. चौकोन केला की तो कलंडतो, त्रिकोण केला की हलत नाही. पूल, छपरं त्रिकोणांनी का भरलेली असतात हे त्यातून समजतं, आणि सगळं पुन्हा सुटं होतं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. २०१८ साली पद्मश्री मिळाली. ज्यांच्यासाठी हे सुरू झालं त्यांची कपाटं भरलेली नव्हती.

आणि आपल्याकडेच बघा ना. पिड्याची बॅट कुणी ‘सर्जनशीलता’ म्हणून केली? माडाचं चुडत पडलं, त्याचा पिडा म्हणजे बुडाचा जाड दांडा कापला, खेळ सुरू. दिवाळीला पहाटे जाळायचा नरकासुराचा पुतळा घ्या. आता तयार मुखवटे, लोखंडी सांगाडे, भिंतीएवढे स्पीकर, आणि पहाटे जाळून झाल्यावर रस्त्यावर उरलेल्या तारा. पण वाड्यावरची लहान पोरं अजूनही बाबाची फाटकी पँट आणि शर्ट घेतात, गवत कोंबतात, डोक्याला मडकं किंवा कागदाची पिशवी, मिशा कोळशाने. गरिबाची पोरं करतात आणि बंगल्यातलीही करतात. नरकासुर करताना कुणाला कुणाची कीव येत नाही, कारण तो कुणी कुणाला ‘दिलेला’ नसतो. तुमचा राग डब्याची गाडी ‘देण्यावर’ आहे, आणि तेवढा भाग मला पटतो. वाढदिवसाला दुसऱ्याच्या मुलाला मी कधी डब्याची गाडी देणार नाही. सावंतवाडीला जाऊन चितार आळीतून लाकडी भोवरा किंवा खेळभांडी आणते. तुमच्या मुलाला दुकानातली रिमोटची गाडी हवी असेल आणि जमत असेल तर खुशाल घ्या. तिची चाकं मोडली की मला कळवा, मोटर अजून चालत असते.

तुम्ही शेवटी विचारलंय की घरात आधीच जमलेल्या रंगवलेल्या बाटल्यांचं काय करू. टोपणं काढून वेगळी करा, ती बहुधा कोरी असतात. बाटलीचा न रंगवलेला भाग निघत असेल तर कापून धुऊन सुक्या कचऱ्यात. हे कापणं तुम्ही करा, मुलाने नको, कापलेल्या पेटची कड ब्लेडसारखी लागते. रंग लागलेला भाग उरेल तो पुनर्वापर न होणाऱ्या कचऱ्यात, वेगळ्या पिशवीत. कापूस आणि टिकल्या आधी खरवडून घ्या, मोरीत धुऊ नका. हत्ती मुलाचा लाडका असेल तर मात्र राहू दे.